दगड गेले कुठे?

गेले चार महिने मी दिसेल त्या सायकलचं हँडल दाबून बघते. सायकल कोणाची, याच्याशी मला घेणंदेणं नसतं. सोसायटीचं पार्किंग, शाळेचा स्टँड, भाजीवाल्यासमोरची जागा, कुठेही. पुढचा ब्रेक धरायचा, दोन्ही हातांनी हँडल खाली दाबायचं, सोडायचं आणि कान देऊन ऐकायचं. वर येताना ‘टक्’ झालं की मान हलवायची आणि पुढे चालू लागायचं. परवा एका मुलाने हटकलं, ‘काकू, काय करताय?’ मी म्हटलं, ‘बाळा, तुझा चिमटा नुसता उड्या मारतोय. आत तेल आहे की नाही?’ पोरगं सायकल घेऊन जे पळालं, ते आता मला बघितलं की रस्ता बदलतं.

चिमटा म्हणजे सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा भाग. इंग्रजीत फोर्क, आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रींच्या भाषेत चिमटा. डोंगरात चालवायच्या सायकलला, म्हणजे एमटीबीला, याच चिमट्यात शॉकअप असतो. नळीत सरकणारी नळी, आत स्प्रिंग नाहीतर कोंडलेली हवा, आणि थोडं तेल. झालं, एवढंच! आणि एवढ्याशा गोष्टीने मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी असं काही वेड लावलंय की घरातले माझ्यासमोर ‘हवा’ हा शब्द जपून वापरतात.

माझं वजन ६१ किलो आहे. हा आकडा मी आजवर डॉक्टर सोडून कोणाला सांगितला नव्हता. आता सगळ्यांना सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या आकड्यात आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते. दख्खनचं पठार, लाव्ह्याचे थर, बेसाल्ट झिजून झालेला मुरूम हे सगळं वीस वर्षं फळ्यावर काढत आले. तीन वर्षांपूर्वी सायकल घेतली आणि तेच पठार मनगटांनी वाचायला लागले. रविवारी पहाटे येवलेवाडीवरून बोपदेव घाट चढायचा, माथ्यावर दम खायचा आणि कानिफनाथाच्या बाजूच्या माळावर शिरायचं. खाली मुरमाची वाट, जमिनीतून टाळू तेवढी बाहेर काढून बसलेले काळे गोटे, आणि पावसाळ्यात गुरांच्या खुरांनी पाडलेले खळगे, जे उन्हाळ्यापर्यंत वाळून विटेसारखे कडक होतात. त्या खळग्यांवरून सायकल गेली की दात दातांवर वाजायचे. वीस मिनिटांत दोन्ही हातांना मुंग्या. टपरीवर चहाचा ग्लास बोटांत धरवायचा नाही, तो मी दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे, लहान मुलं दूध पितात तसा.

‘पण तुझ्या सायकलला शॉकअप आहे ना?’ सगळे विचारायचे. होता की! त्याच्यासाठीच तर ती सायकल घेतली होती. चिमट्याच्या डोक्यावर अधिक-उण्याची खूण असलेली एक चावीसुद्धा होती. ती मी उण्याकडे फिरवून फिरवून पार शेवटाला नेली होती. तरी पठार तसंच. मग मी दोष स्वतःकडे घेतला. वय झालं, मनगटं नाजूक आहेत, हँडल घट्ट धरते. जेलचे हातमोजे आणले, जाड ग्रिप आणल्या, रात्री बाम चोळला. एकदा तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जाऊन हातांचा फोटो काढून आले. हाडं उत्तम होती.

मार्च महिन्यातला एक रविवार. टपरीवर माझ्यासारखीच किरकोळ अंगाची एक मुलगी बसली होती. माझं ते दोन तळव्यांतलं चहापान बघून तिने विचारलं, ‘हात दुखतात का?’ मी सगळं पुराण सांगितलं. ती उठली, माझ्या सायकलपाशी गेली, हँडल दाबलं, सोडलं. टक्! काही बोलली नाही. फक्त स्वतःच्या सायकलकडे बोट दाखवलं. ‘ताई, दहा मिनिटं ही चालवून या.’

मी गेले. पहिल्या पन्नास पावलांत मला वाटलं, वाट चुकले. ही माझी वाट नव्हेच! तो तिरका गोटा, ज्याला मी दर रविवारी मनातल्या मनात शिव्या द्यायचे, तो डोळ्यांना दिसला, चाकाखालून गेला आणि हातांपर्यंत आलाच नाही. मी मागे वळून बघितलं. गोटा जागेवर होता. पुढे खुरांच्या खळग्यांचा पट्टा. मी सवयीने दात आवळले, आणि सायकल त्याच्यावरून गोधडीवरून हात फिरवावा तशी गेली. चाक खाली-वर होत होतं, मला दिसत होतं, पण हँडल शांत. ‘अगं दगड गेले कुठे?’ असं मी मोठ्याने ओरडले. माळावर ऐकायला दोन म्हशी होत्या. दहा मिनिटांची पंचवीस झाली. परत आले तेव्हा त्या मुलीचा चहा संपून ती माझ्या सायकलला टेकून हसत होती, आणि माझ्या हातांना, ऐका हं, एकही मुंगी नव्हती!

‘वजन किती तुमचं?’ तिने विचारलं. इतका सरळ प्रश्न मला कोणी केला नव्हता. ‘६१,’ मी पुटपुटले. ‘मग बरोबर,’ ती म्हणाली. ‘तुमच्या चिमट्यातली स्प्रिंग पंच्याहत्तर-ऐंशी किलोच्या माणसासाठी आहे. तुमच्या वजनाने ती दबतच नाही. आणि दणकून दबलीच, तर सोडताना तुम्हाला फेकते.’ मग ती अधिक-उण्याची चावी? ‘तिने स्प्रिंग मऊ होत नाही, ताई. नुसती आधीपासून किती दाबून ठेवायची तेवढं ठरतं. स्प्रिंगची ताकद तीच राहते.’

तीन वर्षं! तीन वर्षं मी त्या चावीला फिरवत होते!

त्या रात्री मी झोपले नाही. वाचत बसले. दहावीचे पेपर तपासायचे होते, ते बाजूला. आणि काय काय सापडत गेलं! १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरउतारावर काही वेडे लोक जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन शर्यत लावतात. उताराचं नाव रिपॅक, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. गंमत बघा, तिथूनच माउंटन बाइक जन्माला आली आणि शॉकअप एकाच्याही सायकलला नाही! मोटरसायकलला मात्र बीएमडब्ल्यूने १९३५ मध्येच, आर १२ या गाडीला, तेलाने दमवलेला टेलिस्कोपिक चिमटा दिला होता. तो सायकलपर्यंत यायला अर्धं शतक गेलं. पॉल टर्नर हा मोटोक्रॉसच्या जगातला माणूस, त्याने स्टीव्ह सायमन्सला सोबत घेऊन १९८९ मध्ये रॉकशॉक्सचा आरएस-१ आणला. तो दबायचा किती? जेमतेम ४८ मिलिमीटर. दोन इंचसुद्धा नाही! पण पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि डाउनहिलमध्ये ग्रेग हर्बोल्ड त्याच चिमट्यावर बसून पहिला आला. पहाटेचे तीन वाजले होते. मी नवऱ्याला उठवून हे सांगितलं. त्याने कूस बदलली.

पण खरी वीज चमकली ती आतली रचना समजली तेव्हा. मला आपलं वाटायचं, शॉकअप म्हणजे स्प्रिंग, आणि मऊ स्प्रिंग म्हणजे आराम. साफ चूक! स्प्रिंग काही गिळत नाही हो. दगडाने दिलेला धक्का ती उसना ठेवून घेते आणि पुढच्या क्षणाला जसाच्या तसा परत करते. तो पचवतं ते तेल. चिमट्याच्या एका पायात दट्ट्या असतो, त्याला बारीक छिद्रं. नळ्या सरकल्या की तेलाला त्या छिद्रांतून घुसून जावं लागतं, आणि त्या धडपडीत धक्क्याची उष्णता होऊन जाते. छिद्र किती उघडं ठेवायचं, यावर चिमटा किती वेगाने परत वर येणार ते ठरतं. यालाच रिबाउंड म्हणतात. माझ्या जुन्या चिमट्यात असं परतीचं तेल जवळपास नव्हतंच. होता तो उंटासारखा उसळणारा लोखंडी तुकडा. म्हणून ते ‘टक्’!

म्हणजे मी तीन वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होते. ‘किती मऊ?’ असं विचारत होते. विचारायला हवं होतं, ‘परत कसा येतो?’

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट मिस्त्रींकडे. ‘चिमटा बदलायचाय.’ त्यांनी पाना खाली ठेवला. ‘ताई, सायकलच्या निम्म्याहून जास्त पैसे त्यात जातील.’ मी म्हटलं, जाऊ देत. मग त्यांनी माझी परीक्षाच घेतली. फ्रेमच्या गळ्यातून जाणारी नळी सरळ आहे की खाली रुंद होणारी? मी बघत राहिले. त्यांनी कॅलिपर लावून दाखवलं: जुन्या पद्धतीची नळी वरपासून खालपर्यंत सव्वाएक इंचाच्या जरा आत, म्हणजे १-१/८ इंच. नव्या सायकलींना ती खाली दीड इंचापर्यंत जाड होत जाते. माझी सरळ. म्हणजे बाजारातले निम्मे चिमटे तिथेच बाद! चाकाचा एक्सल ९ मिलिमीटरचा, कळ उघडून निघणारा, की १५ मिलिमीटरचा आरपार जाणारा? माझा ९ चा. १५ चा घेतला तर पुढचं चाकही, निदान हब तरी, बदला. चाक साडेसत्तावीस की एकोणतीस? डिस्क ब्रेकची कॅलिपर बसायला जागा कुठल्या प्रकारची? मी वहीत लिहून घेत होते. मुलं माझ्या तासाला इतक्या मन लावून लिहीत नाहीत.

मग ट्रॅव्हल, म्हणजे चिमटा एकूण किती दबतो तो पल्ला. माझ्या जुन्याचा १०० मिलिमीटर. हावरेपणाने मी म्हटलं, १४० चा घालू या, जास्त दबेल तर जास्त आराम! मिस्त्रींनी हात जोडले. चिमटा वीस मिलिमीटरने लांब केला की सायकलचं नाक वर उचललं जातं, हँडलचा कोन साधारण एका अंशाने मागे झुकतो. चढावर पुढचं चाक दारू प्यायल्यासारखं भरकटतं, आणि फ्रेमच्या गळ्यावर नको तेवढा ताण येतो. फ्रेम ज्या पल्ल्यासाठी बनवली, त्याच पल्ल्याचा चिमटा घ्यायचा. आणि चांगला १०० चा चिमटा वाईट १४० ला सहज हरवतो, कारण तो आपले शंभरच्या शंभर मिलिमीटर कामाला लावतो.

स्प्रिंग की हवा? इथे मी दोन रात्री घातल्या. लोखंडी स्प्रिंगचं सुख म्हणजे घर्षण कमी, पहिल्या खड्यापासून लोण्यासारखी हलते. पण ती तुमच्या वजनाचीच मिळायला हवी, आणि साध्या चिमट्यांसाठी हलक्या माणसाची स्प्रिंग दुकानात मागितली तर दुकानदार आपल्याकडेच बघत बसतो. हवेच्या चिमट्यात कोंडलेली हवा हीच स्प्रिंग. तिची सीलं घट्ट, म्हणून सुरुवातीला हलायला थोडी कुरकुर करते. पण हवा हवी तेवढी भरा, हवी तेवढी काढा. ६१ किलो? ६१ किलोची स्प्रिंग तयार! आज जेवण जास्त झालं? दोन पीएसआय वाढवा! शिवाय माझ्या जुन्या धूडापेक्षा वजन पाऊण किलोने कमी. ठरलं. १०० मिलिमीटर पल्ला, हवेचा, ३२ मिलिमीटर जाडीच्या नळ्या, आणि उजव्या पायाच्या तळाशी रिबाउंडची लाल चावी. ती चावी नसेल तर फुकटसुद्धा नको, एवढं मला त्या दोन रात्रींत कळलं होतं. (नळ्यांची जाडी का सांगते? कारण आता मला कळतं की फॉक्सवाले आपल्या चिमट्यांना ३२, ३४, ३६ अशी नावं देतात ती नळीच्या मिलिमीटरांवरून. आधी वाटायचं, बुटांचे नंबर असतील.)

बसवण्याचा दिवस मी अर्धी रजा टाकून साजरा केला. मिस्त्रींनी जुना चिमटा उतरवला, त्याच्या मानेवरची रेस हलक्या ठोक्यांनी सोडवून नव्यावर चढवली, नळी किती कापायची ते तीनदा मोजलं. ‘एकदा कापली की जोडता येत नाही, ताई.’ करवत चालली, कीस पडला, आणि सायकल एकदम वेगळीच दिसायला लागली. मग त्यांनी कंप्रेसरची नळी उचलली, हवा भरायला. मी किंचाळले! अहो, टायरला भरायची ती हवा इथे नाही चालत. चिमट्यातली जागा पाण्याच्या लहान बाटलीएवढीही नसते. कंप्रेसरचा एक फुस्कारा आला की सील गेलं म्हणून समजा. त्यासाठी हातातला छोटा शॉक पंप असतो, डोक्यावर काटा असलेला. एकेका झटक्याला दोन-चार पीएसआय. मी तो पर्समध्ये घेऊन गेले होते. मिस्त्री म्हणाले, ‘तुम्ही दुकान टाका.’

आणि पहिल्या रविवारी, काय सांगू, माझा पार मूड गेला.

चिमट्याबरोबरच्या तक्त्यात माझ्या वजनासमोर ६० पीएसआय होते, ते इमानदारीने भरले. घाट चढताना चिमटा हलून ताकद वाया जाऊ नये म्हणून वरची कळ फिरवून लॉक केला. माळावर शिरले. तेच दात, तेच दगड! पाच मिनिटं मी पैशांच्या नावाने गळा काढला, आणि मग आठवलं, लॉक उघडलाच नव्हता. उघडला. बरं झालं, पण त्या मुलीच्या सायकलसारखं नाही. गोडी आली नव्हती. हातांना अर्ध्या मुंग्या.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मी जे केलं, ते मी आयुष्यात केलेल्या सगळ्यात आनंदाच्या कामांपैकी एक आहे. हेल्मेट घातलं, पाठीला पाण्याची भरलेली पिशवी लावली, बूट घातले, म्हणजे डोंगरात असते तशीच्या तशी. एका खांबाला हात टेकून पेडलवर उभी राहिले. चिमट्याच्या चकचकीत नळीवर एक रबरी कडं असतं, ते लेकीने खाली सीलपर्यंत सरकवलं. मी हलकेच उतरले. कडं वर जाऊन थांबलं होतं. लेकीची शाळेची पट्टी लावली: ११ मिलिमीटर. नुसत्या माझ्या असण्याने चिमटा किती खाली बसतो, त्याचं हे माप. इंग्रजीत सॅग म्हणतात, मी बैठक म्हणते. आराम हवा तर ही बैठक पल्ल्याच्या २० ते २५ टक्के असावी, म्हणजे माझ्या शंभरात २० ते २५ मिलिमीटर. का? तर चाकाला फक्त वर जायचं नसतं हो, खाली खळग्यातही उतरायचं असतं! बैठक नसेल तर खळगा आला की चाक अधांतरी, आणि पुढच्या काठावर दाणकन. मला खुरांच्या खळग्यांचं सगळं गूढ त्या पट्टीवर उलगडलं.

मग हवा काढली. ५७. कडं १६ वर. पुन्हा काढली. दर वेळी हँडल आठ-दहा वेळा सावकाश दाबून घ्यायचं, कारण आत हवेची एक उलटी कोठडीही असते, तिच्याशी समतोल व्हावा लागतो. पंप काढताना ‘फुस्स’ आवाज येतो, तेव्हा पहिल्यांदा काळजाचा ठोका चुकला. पण ती हवा चिमट्यातली नाही, पंपाच्या नळीतली. आणि पंप परत लावला की काटा थोडा कमी दाखवतो, कारण थोडी हवा त्या नळीत शिरते. गळती नाही, घाबरायचं नाही! शेवटी ५४ पीएसआयला कडं २२ वर थांबलं. ५४! मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि चौकट केली.

राहिली लाल चावी. इथे मी एक सुंदर चूक केली. मला वाटलं, परत येणं जितकं संथ, तितका आराम. चावी जवळजवळ पूर्ण बंद केली. फुटपाथवरून उतरले तर अहाहा, जहाज! माळावर नेली. पहिला दगड, लोणी. दुसरा, छान. तिसरा, बरा. पाचव्या दगडाला चिमटा काठीसारखा कडक! मी थांबले. पुन्हा गेले. पुन्हा तेच. आणि मग त्या माळावर, एकटी असताना, मला कळलं: चिमटा इतका संथ परततोय की पहिल्या दगडातून वर येण्याआधीच दुसरा येतो. तो आणखी खाली जातो, तिसऱ्याला आणखी. पाचव्यापर्यंत पल्ला संपलेला असतो. फार चपळ असेल तर फेकतो, फार संथ असेल तर बुडतो. या दोहोंच्या मधे कुठेतरी, बोटभर जागेत, ती मुलगी राहत होती!

मग मी तीनशे मीटरचा एक तुकडा निवडला, त्यात गोटा, खळगे आणि एक पायरी. अकरा वेळा चालवला. दर फेरीत एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानाच्या बाईंचा नियम मी उसना घेतला. चावी पूर्ण बंद केली आणि तिथून टकटक मोजत उघडत गेले. चार टक: बुडतो. सहा: कमी बुडतो. आठ: अरे! नऊ: अरे वा! बारा: हँडल हाताला टपल्या मारायला लागलं. परत दहा. मग नऊ. नऊवर सगळं जुळलं. मी काही केलं नव्हतं, एक चावी बोटाने जराशी फिरवली होती, आणि खुरांचे खळगे गायब. तिथे उन्हात मी सायकल आडवी टाकून खाली बसले आणि चक्क हसत सुटले. खात्री करायची म्हणून घरी फुटपाथची परीक्षा घेतली. बसल्या बसल्या फुटपाथवरून उतरायचं. चिमटा दबून एकदा वर यावा आणि निमूट बसावा. दोनदा उसळला तर चपळ, वर यायला रेंगाळला तर संथ. माझा एकदा आला आणि बसला, शहाण्या मुलासारखा.

फेरी संपली की ते रबरी कडं बघायचं, हा आता माझा छंद आहे. चिमट्याने त्या दिवशी जास्तीत जास्त किती पल्ला वापरला, ते कडं सांगतं. ६० पीएसआयला ते ६२ मिलिमीटरवर अडायचं. ५४ ला, पायरीवरून उतरल्यावर, ९१ वर गेलं. मी पैसे शंभराचे दिलेत, मला शंभरच्या आसपास हवेत! (दर फेरीला तळाला आपटायला लागला, तर हवेच्या कोठडीत प्लास्टिकचे लहान ठोकळे टाकून शेवटचा भाग कडक करता येतो. माझी तेवढी हिंमत नाही, पायऱ्या मी अजून जपूनच उतरते.) आणि हो, टायर! मी ४० पीएसआय भरायचे, ‘टणक असलेलं बरं’ म्हणून. आता २८. बारीक खडीचा थरथराट टायरने खायचा, दगड चिमट्याने. ज्याचं काम त्याने करावं.

मिस्त्रींनी एवढंच बजावलं, की हे लाडाचं पोर आहे. घरी आल्यावर नळ्या मऊ फडक्याने पुसायच्या, धुळीचा एक कण सीलमधून आत गेला की आरामाला सुरुंग. जोराच्या पाण्याने धुवायचं नाही. आणि साधारण पन्नास तास चालवलं की खालचे पाय उतरवून सीलांखालच्या स्पंजच्या कड्यांना नवं तेल पाजायचं. मी वहीत तास लिहिते. आज एकतीस झालेत. रात्री सायकल उलटी करून ठेवते, म्हणजे तेल त्या स्पंजपर्यंत उतरतं. नवरा म्हणतो, माझं डोकं दुखलं तेव्हा इतकं कोणी केलं नव्हतं.

मागच्या रविवारी लेक बरोबर आली. चौदा वर्षांची, ४४ किलो. तिची सायकल साधी, बिनशॉकअपची. घाटमाथ्यावर मी मोठ्या मनाने माझी तिला दिली. ‘जा, बघ आईने काय केलंय.’ ती गेली आणि दोन मिनिटांत परत आली. ‘आई, काय ग हे. दगडच आहे.’

मी रागावणार होते. मग तिच्याकडे बघितलं, आणि मार्चमधली ती मुलगी आठवली. पर्समधून पंप काढला. ‘उभी राहा पेडलवर, खांबाला धर.’ टपरीच्या बांबूला धरून ती उभी राहिली. कडं खाली सरकवलं, मोजलं: जेमतेम १२. हवा काढत काढत ४० वर आणली, बैठक २१. हवा कमी झाली म्हणजे परतीचा जोरही कमी होणार, म्हणून चावी अजून चार टक उघडली. माझं ५४ आणि नऊ गेलं, पण वहीत चौकटीत होतं. त्याच्याखाली तिच्या नावाची ओळ लिहिली: ४० आणि तेरा.

ती गेली. मी चहा सांगितला. तिची सायकल माझ्या गुडघ्याला टेकवून बसले. माळाच्या पलीकडे तिचं हेल्मेट दिसत होतं, मग दिसेनासं झालं. मधेच वाऱ्यावर एक आरोळी आली, शब्द कळले नाहीत. सवयीने मी तिच्या सायकलचं हँडल दाबलं. काहीच हललं नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. टपरीवाल्याने विचारलं, ‘काय मॅडम, वाट बघताय?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘अजून एक चहा द्या.’ आणि ग्लास एका हाताने धरला.